वाळवंटातल्या खडकांचे फोटो: तयारी नागपुरात, मग थरचं तिकीट

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत नागपुरातली बरीच मंडळी जोधपूर-जैसलमेर करून येतात. परतल्यावर मोबाइल हातोहात फिरतो. उंट असतात, सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्या असतात, किल्ल्यापुढे ओळीने उभं अख्खं कुटुंब असतं. पण ज्या खडकांपाशी गाडी थांबवून सगळे बघत राहिले होते, ते खडक फोटोत सपाट आणि करडे उतरलेले असतात. "प्रत्यक्षात फार भारी दिसत होतं हो," असं प्रत्येक फोटोमागे सांगावं लागतं.

कॅमेरा स्वस्तातला होता म्हणून असं होत नाही. हॉटेलातला नाश्ता आटोपून दहाला निघालेली टॅक्सी खडकापाशी पोचते, तेव्हा ऊन वर चढलेलं असतं. दगडाचा उठाव आपल्याला कळतो तो सावलीमुळे. ऊन वरून आलं की सावल्या भेगांमध्ये आणि दगडाच्या पायाशी दडी मारतात. उरतो नुसता रंग, आणि भर उन्हात तोही फिकटतो. तेव्हा खडकांचे फोटो शिकायचे म्हणजे ऊन कुठून आणि किती तिरकं येतंय ते बघायला शिकायचं. त्यासाठी राजस्थानला जायची गरज नाही. ऊन आणि दगड दोन्ही नागपुरात फुकट आहेत.

खालच्या पहिल्या तीन पायऱ्या गावातच करायच्या आहेत. त्या गाळून थेट जैसलमेर गाठलंत तर सुट्टी शिकण्यातच संपेल.

पायरी १: पाटा आणि टॉर्च

घरात पाटा-वरवंटा असेल तर काढा. मिक्सर आल्यापासून माळ्यावर गेला असेल तर उतरवा. पाट्याला टाकी लावलेली असते, म्हणजे छिन्नीने ठोकून बारीक खळगे पाडलेले असतात. रात्री खोलीतले दिवे बंद करा, पाटा जमिनीवर ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च बरोबर वरून धरा. पाटा काळा आणि गुळगुळीत वाटेल. आता टॉर्च हळूहळू खाली आणत कडेला, जवळजवळ फरशीला टेकवा. एकेक खळगा उमटायला लागतो: एका बाजूला काळी सावली, दुसऱ्या बाजूला उजेडाची बारीक कड. मधोमध वाटण घासून घासून टाकी कुठे झिजली आणि कडेला ती कुठे अजून ताजी आहे, हेही दिसतं.

कॅमेरा एकाच जागी ठेवून तीन फोटो काढा. एकदा टॉर्च तुमच्या पाठीमागे, एकदा पाट्याच्या बाजूला, एकदा पाट्याच्या पलीकडे, उजेड तुमच्याकडे येईल असा. पाठीमागच्या उजेडातला फोटो स्वच्छ येतो आणि अगदी कंटाळवाणा असतो. बाजूच्या उजेडात दगडाचा पोत दिसतो. पलीकडच्या उजेडात कडा चमकतात पण तुमच्याकडची बाजू काळवंडते. सुळके, कमानी असे आकार दाखवायला हा उजेड चांगला. मुलांना टॉर्च धरायला द्या, काम सोपं होतं. वाळवंटात याच तीन दिशा ओळखायच्या असतात, फक्त तिथे टॉर्च हलत नाही, आपल्याला दगडाभोवती चालावं लागतं.

पायरी २: जुनापाणीला एक सकाळ

नागपूर शहर दख्खनच्या काळ्या कातळाच्या पूर्व काठावर बसलंय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर इथवर येऊन संपतात. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स ही त्याच काळ्या दगडाची. रामटेकचे डोंगर वेगळ्या आणि फार जुन्या कुळातले. आणि कामठीच्या नावाने तर वालुकाश्माचा एक अख्खा थर भूशास्त्रात ओळखला जातो. म्हणजे गाडीने तासाभराच्या आत तऱ्हेतऱ्हेचा दगड हाताशी आहे.

सरावाला मी जुनापाणी सुचवेन. काटोल रोडवर, शहरापासून दहाएक किलोमीटर. लोहयुगातल्या लोकांनी दफनाच्या जागांभोवती मोठमोठे दगड गोलाकार मांडले, ती ही शिलावर्तुळं. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यांच्यावर लिहिलं होतं. यातल्या काही दगडांवर वाटीच्या आकाराचे छोटे खळगे कोरलेले आहेत. दुपारी बाराला गेलात तर ते हुडकावे लागतात. सकाळी तिरक्या उन्हात ते आपणहून दिसतात.

सूर्योदयाच्या थोडं आधीच पोचा आणि खळगे असलेला एकच दगड निवडा. ट्रायपॉड असेल तर तो लावून मोकळे व्हा. नसेल तर पाय कुठे ठेवले ते लक्षात ठेवा, कारण आता दर पंधरा मिनिटांनी तोच फोटो काढायचा आहे. सूर्य उगवण्याआधी दगड निळसर आणि सपाट दिसतो. पहिलं ऊन नारिंगी असतं, पण क्षितिजावरच्या धुरक्यातून आल्यामुळे त्याची सावली फिकी पडते. अर्ध्या तासाने खळग्यांच्या कडा उमटतात: सूर्याकडची कड अंधारात, पलीकडची उजळ. त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास सोन्याचा. दगडाचा खडबडीतपणा इतका स्पष्ट येतो की शेवाळाचा वाळका पापुद्राही मोजून घ्यावा. मग खळग्यांचे तळ उजळायला लागतात, सावल्या आखडतात, आणि नऊनंतर तोच दगड पुन्हा साधा होतो.

घरी येऊन हे फोटो ओळीने लावा. कोणत्या वेळेचा आवडला ते आधी ठरवा, कारण नंतर शोधा. ही एक सकाळ यूट्यूबवरच्या धड्यांपेक्षा जास्त शिकवते, असं माझं ठाम मत आहे.

एक सांगणं: हे संरक्षित स्मारक आहे. दगडावर चढायचं नाही, खळगे ठळक दिसावेत म्हणून त्यात खडू घासायचा नाही, दगड सरकवायचा नाही.

जमलं तर याच दगडाकडे मे महिन्यात पुन्हा जा. डिसेंबरात सूर्य आग्नेयेच्या बाजूला उगवतो, उन्हाळ्यात ईशान्येच्या बाजूला. हिवाळ्यात उजळलेली बाजू उन्हाळ्यात सावलीत गेलेली दिसेल. वाळवंटातल्या एखाद्या सुळक्याचा कुणी काढलेला सुंदर फोटो पाहून तुम्ही वेगळ्या महिन्यात तिथे गेलात, तर तो फोटो तुम्हाला का मिळत नाही याचं उत्तर इथेच मिळतं.

पायरी ३: सावलीने सूर्य मोजा

मोबाइलवर सूर्याची दिशा दाखवणारी अॅप्स आहेत, जरूर वापरा. पण रेंज गेली की घोडं अडतं, म्हणून ही बिनखर्चाची पद्धत शिकून घ्या. सपाट जागी उभे राहा आणि स्वतःची सावली पावलांनी मोजा. सावली तुमच्या उंचीएवढी असेल तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आहे. उंचीच्या पावणेतीन पट असेल तर २० अंशांवर. खडकांसाठी मी २० अंशांच्या खालचं ऊन चांगलं मानतो, ३० पर्यंत चालवून घेतो आणि त्यापुढे कॅमेरा पिशवीत टाकतो किंवा दुपारची कामं काढतो. ती पुढे येतील.

आता याचा नागपूर-जैसलमेर हिशेब. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात भर दुपारीही सूर्य साधारण ४५ अंशांच्या वर जात नाही, म्हणजे बाराच्या सुमारास तुमची सावली तुमच्याएवढीच असते. उलट मेच्या शेवटच्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस येतो. जैसलमेर जवळपास २७ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या उत्तरेला. तिथे सूर्य बरोबर डोक्यावर कधीच येत नाही, आणि डिसेंबरात दुपारी तो फार तर ४० अंशांवर असतो. त्यामुळे हिवाळ्यात तिथे सूर्योदयानंतर जवळपास पावणेदोन तास कामाचं ऊन मिळतं आणि संध्याकाळी तेवढंच. थंडी हे एक कारण झालं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडायचं दुसरं, फोटोवाल्यांचं कारण हे.

घड्याळही लक्षात घ्या. जैसलमेर नागपूरच्या सुमारे ८ अंश पश्चिमेला आहे. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे तिथला सूर्य घड्याळाप्रमाणे अर्धा तास मागे. शिवाय उत्तरेला असल्यामुळे हिवाळ्यात पहाट आणखी थोडी लांबते. आपल्याकडे डिसेंबरअखेरीस पावणेसातच्या सुमारास उजाडतं, तिथे सव्वासात उलटून जातात. टॅक्सीवाल्याला साडेपाचची वेळ देऊन थंडीत कुडकुडत बसण्यात शहाणपण नाही. साडेसहाला निघालात तरी चालतं.

पायरी ४: पिशवीत काय

हातात जो कॅमेरा आहे तो पुरतो. मोबाइल असेल तर फक्त तीन गोष्टी पाळा: बोटांनी चिमटून झूम करू नका, मोबाइलला दुसरी टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स असेल तर तीच वापरा, खडकावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, आणि मग सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा. मोबाइल सावल्या स्वतःहून उजळवतो, आणि आपली सगळी धडपड तर त्या सावल्यांसाठीच चाललेली आहे.

कॅमेरा असेल तर सोबत मिळालेली १८-५५ एमएमची किटलेन्स पुरेशी. दुसरी घ्यायची तर बहुतेक जण जास्त वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स घेतात. मी उलट सांगेन, ७०-२०० किंवा ५५-२५० सारखी लांबची घ्या. वाळवंट मोठं आहे हे दाखवायच्या नादात वाइड लेन्सने दूरचे खडक मुंगीएवढे होतात. लांबच्या लेन्सने एकामागच्या एक खडकरांगा जवळ येतात आणि थर दिसतात.

पोलरायझर फिल्टर कामाचा आहे. वाळवंटी खडकांवर पुष्कळदा काळपट-तपकिरी चकाकी असते. मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं आणि मातीचे कण यांचा तो अतिशय पातळ थर असतो. मनसरच्या खाणींतून जे मँगनीज निघतं तेच इथे कागदाहून पातळ होऊन दगडावर बसलेलं असतं. त्या चकाकीने फोटोत पांढरे डाग येतात. पोलरायझर फिरवून ती कमी करता येते. पण अगदी वाइड लेन्सवर तो लावला तर आभाळाचा एक पट्टा गडद आणि बाकीचं फिकं दिसतं, तेव्हा उतरवून ठेवा.

आणि दुपट्टा. नागपूरकराला उन्हाळ्यात तो घ्या म्हणून सांगावं लागत नाही, इथेही घ्या. डोक्याला बांधायला तर आहेच, पण भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नसेल तर डोकं आणि कॅमेरा दोन्ही त्याखाली घ्या, जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर घ्यायचे तसे. फोटो धारदार आला की हलला, ते तिथल्या तिथे कळतं. त्याच दुपट्ट्याने लेन्स मात्र पुसू नका. वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीचे कण, आणि गारगोटी काचेपेक्षा कठीण. आधी ब्लोअरने कण उडवायचे, मग मायक्रोफायबरचं कापड. तोंडाने फुंकर मारली की थुंकी उडते. वारं सुटलेलं असताना लेन्स बदलायची वेळ आली तर गाडीत बसून, काचा लावून बदला.

घरच्यांसाठी एक सूचना. कूलरच्या खोलीतली हवा दमट असते. कॅमेऱ्याची पिशवी कूलरच्या झोताजवळ ठेवू नका, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते.

पायरी ५: आकडे

डोक्यात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १००. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/८ ते एफ/११ (आकडा मोठा तितकं भोक लहान). फॉरमॅट रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ फाइल. पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे म्हणून लोक एफ/२२ करतात. त्याने उलट सगळा फोटो किंचित मऊ पडतो. त्यापेक्षा असं करा: १८ एमएम, एफ/११ आणि फोकस साधारण दीड मीटरवर. छोट्या सेन्सरच्या नेहमीच्या डीएसएलआरवर पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

उजेडाचा मीटर सगळं जग मध्यम करडं धरून चालतो. जैसलमेरचा पिवळा दगड किंवा वाळू चौकटभर असेल तर तो फोटो काळवंडून टाकतो, तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, +२/३ ते +१ करा. जुनापाणीच्या काळ्या दगडाला उलट, −२/३. खात्री हिस्टोग्रामवर, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखावर करा. उजव्या टोकाला आलेख आदळत असेल तर आभाळ किंवा दगडाची उजळ बाजू पांढरी फटक गेली आहे, ती नंतर परत येत नाही.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. सकाळचा सोनेरी रंग कॅमेऱ्याला चूक वाटते आणि तो इमानेइतबारे ती दुरुस्त करतो. डेलाइटवर ठेवा.

पायरी ६: सुरुवात जोधपूरपासून

पहिल्यांदा जाणाऱ्याने जैसलमेरकडे धाव घेण्याआधी जोधपूरला दोन दिवस द्यावेत. मेहरानगड किल्ला ज्या खडकावर उभा आहे तो ज्वालामुखीतूनच आलेला, ऱ्हायोलाइट आणि गरम राखेचे थर एकमेकांना चिकटून झालेला दगड. वय सुमारे ७५ कोटी वर्षं, म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या दहापटीहून जास्त. किल्ल्याला लागून राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. वेड्या बाभळीने गिळलेली ही जमीन २००६ पासून मोकळी करून तिथे मूळची वाळवंटी झुडपं वाढवली आणि २०११ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आखलेल्या पायवाटा आहेत, त्यामुळे एकट्यानेही फिरता येतं.

इथे दगडाचा रंग तांबूस, जांभळट, मध्येच राखाडी. त्याच्यावर भेगांची जाळी. पहिल्या फेरीत फोटो काढूच नका, फक्त भेगा कोणत्या दिशेने धावतात ते बघा. भेग उत्तर-दक्षिण असेल तर सकाळ-संध्याकाळचं ऊन तिला आडवं येतं आणि ती काळी रेघ होऊन उठते. पूर्व-पश्चिम भेगेत ऊन सरळ शिरतं आणि ती पुसली जाते. दुसऱ्या फेरीत त्यातल्या चांगल्या जागांवरच थांबा. दार कधी उघडतं हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, कारण हिवाळ्यात सूर्य तुमच्याआधी आत गेलेला असू शकतो. तसं झालं तर संध्याकाळ धरा.

पायरी ७: जैसलमेर आणि आकल

जोधपूरहून जैसलमेर रस्त्याने साधारण २८० किलोमीटर. वाटेत पोखरण लागतं. त्या भागात लष्कराची गोळीबाराची मैदानं आहेत, तेव्हा चांगला खडक दिसला म्हणून रस्ता सोडून आत भटकू नका. सीमेकडच्या काही पट्ट्यांत परवान्याशिवाय जाता येत नाही. लष्करी ठाणी, मनोरे, वाहनं यांचे फोटो नकोत. वायुसेनानगरच्या भिंतीकडे आपण नागपुरात कॅमेरा रोखत नाही, तसंच. ड्रोन घरीच ठेवा.

जैसलमेरपासून १७ किलोमीटरवर, बाडमेरच्या रस्त्याला, आकलचं जीवाश्म उद्यान आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी इथे जंगल होतं. त्या झाडांची खोडं दगड होऊन माळावर पडली आहेत. चित्र डोळ्यांपुढे आणून जाल तर पहिल्यांदा विरस होईल, कारण मोठी खोडं लोखंडी जाळीत, वर पत्रा, अशी बंदिस्त आहेत. ठेवावीच लागतात, नाहीतर एव्हाना दिवाणखान्यांत पोचली असती.

आणि इथे वरचा नियम उलटा होतो. तिरकं ऊन जाळीतून आत आलं की खोडावर चौकटींची सावली पडते आणि लाकडाचा पोत तिच्यात हरवतो. त्यामुळे आकलला ढगाळ वेळ किंवा सूर्य मावळल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं बरी. लेन्स जाळीच्या भोकाला अगदी लावा आणि अॅपर्चर उघडा ठेवा, एफ/४ किंवा किटलेन्सवर एफ/५.६, जाळी धूसर होऊन नाहीशी होते. मोबाइलची लेन्स तर भोकात सहज बसते. मग चौकटीत अख्खं खोड घ्यायचा हट्ट सोडा. सालीच्या उभ्या रेघा, एखादी गाठ, जिथे खोड आडवं तुटलंय तो भाग, एवढंच घ्या. त्या तुटलेल्या भागात लालसर, पिवळा, राखाडी असे पट्टे शेजारी शेजारी असतात आणि अजूनही लाकूडच वाटतं. आवारातला कुठलाही तुकडा, कितीही बारीक असो, उचलायचा नाही.

शहराभोवतीच्या उघड्या माळावर जुरासिक काळातल्या समुद्राच्या तळाशी बसलेले पिवळे थर दिसतात. आडवे थर आडव्या चौकटीत, क्षितिज सरळ, एवढं सांभाळलं की ते फोटो बहुधा जमतात.

पायरी ८: खडक केवढा आहे?

फोटोत दहा मीटरचा खडक आणि दहा सेंटिमीटरचा दगड सारखाच दिसू शकतो. मोजमाप द्या. मोठ्या खडकाला माणूस, पण खडकाला टेकून कॅमेऱ्याकडे हसणारा नको. बाजूने चालत जाणारा, पूर्ण उंचीचा. त्याला गडद दगडापुढे फिक्या रंगाचा शर्ट घालायला सांगा. जवळच्या फोटोत १० रुपयांचं नाणं ठेवा, व्यास २७ मिलिमीटर. एक फोटो नाण्यासह, एक नाणं काढून. दुसरा भिंतीवर लावायला, पहिला कुणी विचारलं तर दाखवायला.

उभ्याने, डोळ्याच्या उंचीवरून काढलेला फोटो सगळेच काढतात. गुडघ्यावर बसा. पुढची जमीन, तिच्यावरच्या भेगा, बारीक दगड चौकटीत मोठे होतात आणि मागचा खडक आभाळात चढतो. बसण्याआधी जागा काठीने झटकून घ्या. फुरसं थरच्या वाळवंटात भरपूर आहे आणि दगडाखाली विंचू असतात. कपारीत हात घालून फोटोसाठी दगड बाजूला सारणं हे दोन्हींना आमंत्रण. त्या दगडाला तसाच राहू द्या, चौकट बदला.

दुपारचं काय?

दहा ते तीन झोपा काढायला हरकत नाही. पण अरुंद घळ सापडली तर दुपार वाया जात नाही: एका भिंतीवर पडलेलं ऊन समोरच्या सावलीतल्या भिंतीवर परावर्तित होतं आणि ती भिंत आतून उजळल्यासारखी दिसते. चौकटीत ऊन पडलेला भाग आणि आभाळ अजिबात येऊ देऊ नका. पावसाळ्यात किंवा ढग भरलेले असताना मात्र घळीत उतरू नका. पाऊस दूर कुठे पडला तरी लोंढा खाली येतो.

आपण नागपूरकर ४५ अंशांत बाजार करतो म्हणून वाळवंटाचं ऊन अंगावर घ्यायला जाऊ नका. जोधपूरच्या उत्तरेला फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ वर गेला होता. शहरात दर कोपऱ्यावर उसाचा रस आणि सावली असते, माळावर काही नसतं. माणशी चार लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, आणि कुठे चाललो, किती वाजता परतणार हे हॉटेलात सांगून निघणं. खिशात कांदा ठेवायचा तर जरूर ठेवा, पण तो पाण्याऐवजी नव्हे.

रात्र

पौर्णिमेच्या आसपास गेलात तर खडक चांदण्यात काढता येतात, आणि ट्रायपॉडचे पैसे इथे वसूल होतात. आयएसओ ८००, एफ/४, १० ते १५ सेकंद इथून सुरुवात करा. चंद्रही चौकटीच्या बाजूला हवा, पाठीमागे नको. पाटा-टॉर्चचा नियम त्यालाही लागू. फक्त तारे हवे असतील तर अमावास्या गाठा. १८ एमएमवर साधारण १८ सेकंदांपलीकडे गेलात की तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात. ट्रायपॉडचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून प्रत्येकाखाली चपटा दगड द्या, मधला दांडा वर ओढू नका आणि बटण न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. थंडीने बॅटरी झपाट्याने उतरते, जास्तीची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा.

परतल्यावर

एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनला हात लावायचा मोह होतोच. लावू नका. तांबूस दगड शेंदरी झाला की राजस्थान पाहिलेला माणूस लगेच ओळखतो. आधी उजळ भाग थोडे खाली, मग काळा रंग थोडा गडद, मग स्नॅपसीडमधलं स्ट्रक्चर किंवा लाइटरूममधलं टेक्स्चर जेमतेम १५-२० पर्यंत. बस्स. सावल्या उचलू नका. कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप त्यातला पोत दाबून टाकतं.

प्रत्येक चांगल्या फोटोखाली जागा, तारीख, वेळ, उन्हाची बाजू आणि सावली किती पावलं होती हे लिहून ठेवा. कॅमेऱ्यातली वेळ निघण्याआधी बरोबर लावलेली असेल तर अर्धं काम तोच करतो.